पडलेली माती

बुधवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोंडाने येत नसेल तर हाताने काढ. रोज थोडं लिहीत जा." आणि ही वही दिली. आई दवाखान्याबाहेर आल्यावर पुटपुटली, त्यापेक्षा औषध तरी द्यायचं. तिला वाटतं माझ्या घशात अजून माती आहे. रोज सकाळी ती मला कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावते आणि थुंकलेलं पाणी वाकून बघते. पाणी स्वच्छ असतं.

मला सगळे टकळी म्हणायचे. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिच्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्माला यायचाय. तो आधीच जन्माला आला होता. कौलांच्या भट्टीचा मालक. बाबा त्याच्या भट्टीला जाळ घालतात, आई कौलं थापते आणि शाळेला सुट्टी असली की मी खड्ड्यातून माती काढते. टाचणीही काढायची. टाचणी म्हणजे माझी जिवाची मैत्रीण. अंगाने काडी, आणि तोंड उघडलं की टोचायची, म्हणून टाचणी.

काय झालं ते आजच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

मातीचा कडा वरून कापत यायचं असतं, टप्पे टप्पे करत, जिना उतरावा तसं. हे भट्टीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण वरचा थर कडक. कुदळ उसळते, हात झिणझिणतात, वेळ जातो. मालकाला मोठी मागणी आली होती. तो कड्याशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वर काय खरवडत बसलाय गं? खालून ओढा. खाली लोण्यासारखी आहे."

टाचणी म्हणाली, "वरचं अंगावर येईल की."

"तुझा बाप रांगत होता तेव्हापासून हा कडा उभा आहे. लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस. ओढ."

शाई तिथेच होती. शाई मालकाची मुलगी, आमच्यातली तिसरी. बोटं कायम शाईने निळी, म्हणून शाई. बापाचा डबा घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं. मग ती दोघं गेली आणि आम्ही खालून ओढलं.

कडा आला तेव्हा फार आवाज झाला नाही. कुणीतरी जड माणूस खाटेवर बसावा तेवढाच. माझ्या नाकाशी कुठेतरी फट राहिली होती. टाचणी पूर्ण आत. माझा हात तिच्या हाताला लागत होता आणि सुरुवातीला तिची बोटं हलत होती. तोंडात माती होती तरी मी मनात प्रार्थना केली. देवा, मला काढ. आम्हाला काढ असं म्हणायचं सुचलं नाही. देवानेही ऐकलं ते अगदी शब्दाला शब्द. त्याच्यावर माझा राग आहे, पण तो नंतर बघू. आधी मालक.

रविवार

प्रार्थनाघरात गेलो. आईने मला शाईचा जुना फ्रॉक घातला, मालकाच्या घरून आलेला. काखेत आवळतो. प्रार्थना मालकच सांगतो, कारण पुढची बाकं त्याने दिली आहेत आणि त्याचा आवाज चांगला आहे. आवाज खरंच चांगला आहे. गोड बोलून गळा कापणाऱ्याला तो लागतोच.

प्रार्थना झाल्यावर तो म्हणाला, "आपल्यातलं एक लेकरू गेलं. पोरी खेळत होत्या. कड्याखाली बोगदा करत होत्या. लहान वय. आपण कुणाला दोष देऊ नये."

टाचणीची आई पहिल्या बाकावर होती. मी तिला मावशी म्हणते. ती लोकांची धुणी धुते. नवरा नाही, होती ती एक टाचणीच. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी उठले. तोंड उघडलं. आतून काही आलंच नाही, नुसती हवा. लोक हळहळले. एक बाई म्हणाली, "बिचारी, वाचाच गेली."

मग मालक बाबांकडे बघून म्हणाला, "काय हो, असंच ना? पोरीने तुम्हाला खुणेने सांगितलं असेलच."

बाबा उभे राहिले. त्यांच्या हातात टोपी होती, ती त्यांनी पिळली. भट्टीच्या जाळाने त्यांच्या भुवया कधीच गेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

घरी आल्यावर आईने चुलीपुढे भांडी आपटली. "राहतो ती खोली त्याची, पोटात जातं ते त्याचं," बाबा म्हणाले. "काय करायला हवं होतं मी?" आईने आणखी एक भांडं आपटलं. मी तर मुकीच.

झोपताना मी देवाला सांगितलं, मला वाचा नको. त्याचं छप्पर त्याच्या डोक्यावर येऊ दे. एवढं कर, मग आपली फिटंफाट.

मंगळवार

मालकाला स्वतःच्या घरावर नवा मजला चढवायचाय. त्याच्यासाठी कौलं आमच्याच भट्टीवर करायची ठरली. माती कुठली, तर पडलेली. तो म्हणाला, "आयती खाली आलीये. वाया कशाला घालवायची?"

मला खड्ड्यात पाठवत नाहीत. मला वेचणीला बसवलंय. माती ओली करून फळीवर पसरायची आणि तिच्यातले चुनखडीचे पांढरे खडे वेचून टाकायचे. खडा राहिला तर कौल भट्टीतून चांगलंच निघतं, खणखणीत वाजतं. पण आत खडा भाजून कळीचा चुना झालेला असतो. पुढे हवेतली ओल हळूहळू आत गेली की तो फुगतो आणि एक दिवस कौल आपोआप फुटतं. म्हणून वेचणी करणारीने डोळ्यांत तेल घालून बसायचं असतं.

पहिली पाटी फळीवर ओतली तेव्हाच मी ओळखली. रंगाने नाही. बोट जिभेला लावलं. तीच.

मी फळीमागे जाऊन ओकले. आईने पाठ चोळली. मुकादम ओरडला, "मुकीला काय झालं?" आता मला नवीन नाव पडलंय. मुकी. मालकानेच पाडलंय, लाडाने.

तोंड धुऊन परत फळीशी बसले तेव्हा माझं ठरलेलं होतं. खडे मी सगळे वेचले. एकही सोडला नाही. पण टाकले नाहीत, फ्रॉकच्या खिशात भरले. शाईच्या फ्रॉकला खिसे मोठे आहेत.

शुक्रवार

एक अडचण आहे. थापणारी प्रत्येकजण कौलाच्या कोपऱ्यात आपला अंगठा उमटवते, म्हणजे कुणी किती थापली ते कळतं. आईने थापलेल्या कौलात मी खडे घातले तर फुटल्यावर अंगठा आईचा सापडणार. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

म्हणून मी खुणेने सांगितलं की मला थापायचंय. आईला बरं वाटलं, पोरगी कामात मन रमवते म्हणून. मालक स्वतः बघायला आला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "शाब्बास. माझ्या घराची कौलं हिच्याच हातची होऊ देत. देव हिचं मन शांत करो." त्याच्या हाताला साबणाचा वास येत होता. मी मान खाली घालून साच्यात माती दाबत होते. दगडाने ठेचून वाटाण्याएवढे केलेले खडे माझ्या मुठीत होते, आणि तो उभा असतानाच मी चार आत दाबले, वर माती लिंपली, ओल्या फडक्याने पुसलं आणि कोपऱ्यात अंगठा दिला.

इतकं बरं मला त्या दिवसापासून वाटलं नव्हतं.

शनिवार

शाई आली. वाळत घातलेल्या कौलांच्या रांगेपलीकडेच उभी राहिली.

"माझ्यावर रागावलीस?"

मी थापत राहिले.

"मला नीट ऐकू आलं नव्हतं गं. खरंच. वारा होता."

वारा नव्हता. मी मातीचा गोळा साच्यात जोरात आपटला, तिच्या पायांवर शिंतोडे उडाले. ती रडायला लागली. "मी काय करू? ते माझे बाबा आहेत. तू असतीस तर काय केलं असतंस?"

मला एकदम टाचणीची आठवण झाली. तिने शाईला एका वाक्यात गप्प केलं असतं. मला वाक्यच नाही. आम्ही तिघी जन्मभर एकमेकींच्या राहणार होतो, एकमेकींच्या लग्नात भांडणार होतो. टाचणी म्हणायची, मी तुमच्या दोघींच्या नवऱ्यांना टोचणार. आता एक मातीत, एक मुकी आणि एकीला ऐकू येत नाही.

रविवार

खूप दिवस लिहिलं नाही. भट्टी लावली होती.

काल भट्टी उघडली. बाबा आधी एक कौल काढून टिचकी मारून बघतात, मग एक फोडून. त्यांनी माझ्या अंगठ्याचं कौल फोडलं. तांबड्या मातीत पांढरे डोळे. त्यांनी दुसरं फोडलं. त्यातही तेच.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. कौलं भट्टीतून गरम असतानाच पाण्याच्या हौदात बुडवायची. एकदम बुडवलं की चुना आतल्या आत मरतो आणि कौल वाचतं. हौद भट्टीच्या शेजारीच असतो, भरलेला. बाबांनी हौदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर हटवली नाही.

त्यांनी ते दोन तुकडे राखेत खुपसले आणि हमालांना म्हणाले, "उतरवा. थेट छपरीत रचा." त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. घरी येताना ते माझ्या शेजारून चालले. रोज चार पावलं पुढे असतात.

सोमवार

मी काल रात्री हे लिहून झोपले ते शांत झोपले. देवाला थोडं माफसुद्धा केलं होतं. आणि आज सगळं उलटं झालं.

मालकाच्या बायकोला साधी कौलं नकोत, तिला शहरातली यंत्राची गुळगुळीत कौलं हवीत. मग छपरीतल्या ढिगाचं काय करायचं? मालकाने जाहीर केलं की हा सगळा ढीग टाचणीच्या आईला दान. तिचं छप्पर गळतं. पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर द्यायचा.

आईने घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"बाबा," मी म्हणाले.

आवाज घोगरा आला, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. आईच्या हातातला तांब्या पडला. ती माझा चेहरा हातात धरून रडायला लागली, देवाचे आभार मानायला लागली. मी तिच्या खांद्यावरून बाबांना विचारलं, "आता बुडवता येतील?"

"नाही. गार झाली. दोन दिवस हवा लागलीये. आता बुडवली तर उलट लवकर फुटतील."

"काय फुटतील?" आईने विचारलं. मग तिलाही सांगावं लागलं. मला वाटलं ती मारेल. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "त्या बाईच्या डोक्यावर पडतील ना गं ती."

मंगळवार

सकाळी धुण्याच्या दगडावर गेले. धुकं इतकं दाट होतं की मावशी आधी नुसती ऐकू आली, कपडे आपटत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. मालक काय म्हणाला ते. टाचणी काय म्हणाली ते. बोटं हलत होती ते. माती कुठली ते. खडे. अंगठा. मी इतके दिवस साठवलेलं सगळं एका दमात बोलले.

ती कपडे आपटायची थांबली नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने एक चादर पिळली, झटकली आणि विचारलं, "ती म्हणाली होती ना, वरचं अंगावर येईल म्हणून?"

"हो."

"स्पष्ट म्हणाली?"

"स्पष्ट."

"माझी पोर खेळत नव्हती."

"नाही मावशी."

तिने ओले हात पदराला पुसले. तिचे हात साबणसोड्याने कायम उललेले असतात. ते हात तिने माझ्या तोंडावरून फिरवले, कपाळ, नाक, हनुवटी, आंधळं माणूस बघतं तसे. मग म्हणाली, "खडे किती घातलेस?"

"मावतील तेवढे."

"बरं केलंस. आता कुणाला काही बोलू नको. इतके दिवस मुकी होतीस, आणखी थोडे दिवस राहा."

रविवार

प्रार्थनाघराच्या फाटकाशी गाडी लागली आणि कौलं रचून ठेवली. लोक जमले. मालक पायरीवर उभा राहून बोलला. दुःख, दया, शेजारधर्म. मावशी ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, "बाई, ही स्वीकारा."

मावशी म्हणाली, "एक कौल ओल्या पोत्यात ठेवा."

हे आमच्याकडे गिऱ्हाईक करतं. घेण्याआधी ढिगातलं एक कौल ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचं आणि काही दिवसांनी उघडून बघायचं. तडा नसेल तर माल उचलायचा.

मालक हसला. "अहो बाई, ते विकत घेणाऱ्यांनी करायचं. हे दान आहे. धर्माची गाय अन् दात का गं नाही, असं झालं हे."

"गाय धर्माची असली तरी दूध मलाच प्यायचंय," मावशी म्हणाली. "दात बघते."

मागे दोन-तीन माणसं हसली. त्यात त्याची नेहमीची गिऱ्हाइकं होती. मालकाला मोठेपणा दाखवायचा होता. त्याने स्वतः ढिगातून एक कौल उपसलं, टिचकी मारून वाजवून दाखवलं, पोत्यात गुंडाळलं आणि प्रार्थनाघरात आपल्याच खुर्चीशेजारी ठेवलं. "रोज मी स्वतः पाणी मारीन यावर," तो म्हणाला. "माझ्या कौलाची मला खात्री आहे."

मी आता रोज देवाला सांगणार आहे, त्याला पाणी मारायची आठवण राहू दे.

रविवार

आठवण राहिली होती. पोतं चिंब होतं.

प्रार्थना संपली. मालकाने पोतं उचलून मावशीसमोर धरलं, हसत, आणि उलगडलं. कौल नव्हतंच आत. तांबडा चुरा आणि त्यात पिठासारखे पांढरे गोळे. चुरा त्याच्या पांढऱ्या विजारीवर सांडला. एवढाच एक तुकडा शाबूत राहिला होता, कोपऱ्याचा, अंगठ्याचा.

गिऱ्हाइकांतला एकजण म्हणाला, "आम्हालाही हीच दिलीत का काय?"

मालकाने तो तुकडा उचलला. मान लाल झाली होती. "कुणाचा अंगठा हा? कुणाचा?" तो बायकांच्या बाजूला वळला. त्याची नजर आईवर थांबली.

मी उठले. पुढे गेले. त्याच्या हातातल्या तुकड्यावर माझा अंगठा ठेवला. चपखल बसला.

"माझा," मी म्हणाले. "खडे मीच घातले. तुमच्या घरासाठी घातले होते. माती पडलेल्या कड्याची आहे, टाचणीच्या आईला दान द्यायला काढलीत ती. आम्ही खेळत नव्हतो. तुम्ही म्हणालात खालून ओढा. टाचणी म्हणाली वरचं अंगावर येईल. तुम्ही म्हणालात लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस."

"खोटारडी! ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने कबूल करतेय. माझं वाटोळं करायला निघालीये. तेव्हा बापाने सांगितलं होतं, खेळत होत्या म्हणून. विचारा त्याला. काय हो? असंच ना?"

सगळे बाबांकडे वळले. बाबा उठले. त्यांनी टोपी बाकावर ठेवली, हात मोकळे केले.

"नाही," ते म्हणाले. "माझी पोर बोलत नव्हती तेव्हा मी हो म्हटलं. ते खोटं होतं."

मी शाईकडे बघितलं. ती मान खाली घालून आपली निळी बोटं एकमेकांवर घासत होती. ती उठली नाही. मला वाटत होतं ती उठेल. तिला मी कधीच माफ करणार नाही, हे इथे लिहून ठेवते.

मालक म्हणाला, उद्या खोली खाली करा. मग हमालांना म्हणाला, "तो ढीग उचला, खड्ड्यात टाका."

मावशी दारात जाऊन उभी राहिली. "हात लावायचा नाही. माझा आहे तो. दान दिलंय मला, सगळ्यांसमोर. जिथे ठेवलाय तिथेच राहील."

"इथे? फाटकात?"

"इथेच. येता-जाता सगळ्यांना दिसू दे."

गुरुवार

आम्ही मावशीकडे राहतो. छप्पर गळतं, म्हणून अंथरुणं एका कोपऱ्यात ओढली आहेत, चौघंजण दाटीवाटीने झोपतो. बाबा लाकडं फोडायच्या कामावर जातात. आई मावशीबरोबर धुणं धुते आणि तिच्या हातांनाही आता भेगा पडायला लागल्यात. मला कुणी कामाला ठेवत नाही. बाप आपल्या पोरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, तीच ती. मला वाईट वाटत नाही. वाटतं, पण थोडं.

भट्टीवर गिऱ्हाईक नाही म्हणतात. मालकाने टाचणीबद्दल त्यानंतर एक शब्द काढलेला नाही. अजूनही पायरीवर उभा राहून दया सांगतो.

रविवार

प्रार्थनाघरात जायचंच असं मावशीने ठरवलंय. ती पहिल्या बाकावर बसते, मी तिच्या शेजारी, टाचणीच्या जागी.

आज धुकं आत आलं होतं, खिडक्या ओलसर झाल्या होत्या. मालक म्हणाला, डोळे मिटा, गेलेल्यांची आठवण करा. सगळे गप्प झाले. तेवढ्यात बाहेर फाटकाशी एक कौल फुटलं. टक्. मालक अडखळला. त्याने वाक्य पुन्हा सुरू केलं. अर्ध्यावर आलं आणि दुसरं फुटलं.

तिसऱ्यांदा त्याला पुढचे शब्दच आठवेनात. तो तोंड उघडून उभा राहिला आणि आतून काही येईना.

मावशीचे डोळे मिटलेले होते. मी माझे उघडेच ठेवले होते. ढीग अजून मोठा आहे आणि धुक्याचे दिवस पुष्कळ बाकी आहेत.